काकांचे हायडेलबर्ग आणि भिंतीवरचा काउबॉय

हायडेलबर्ग हे एका गावाचे नाव आहे, हे मला बरीच वर्षे ठाऊकच नव्हते. माझ्या लेखी ते एका यंत्राचे नाव होते. सांगलीत माझ्या काकांचा छोटासा छापखाना होता. लग्नपत्रिका, बिलबुके, यात्रेची हस्तपत्रके, सर्कस गावात आली की तिच्या जाहिराती, असली कामे तिथे चालत. पायाने चालवायचे एक ट्रेडल होते आणि कोपऱ्यात काकांचा अभिमान, काळे कुळकुळीत स्वयंचलित यंत्र. त्यावर इंग्रजीत ‘ओरिजिनल हायडेलबर्ग’ असे लिहिलेले. काका म्हणायचे, “आज हायडेलबर्ग बंद आहे, उद्या या.” मला वाटे, किर्लोस्करांचा पंप तसे हे हायडेलबर्ग!

पुढे नोकरीने मला नेमके याच गावात आणून सोडले. इथे बरीच वर्षे काढल्यावर एका संध्याकाळी गल्लीतल्या एका निवृत्त मुद्रकाने मला आपले तळघर दाखवायला बोलावले. जिना उतरता उतरताच कानावर तो आवाज आला. एक हिसका, एक फुस्कारा, पुन्हा एक हिसका. डोळे मिटले असते तर मी सांगलीत होतो. यंत्र तेच. भिंतीवर मात्र निराळाच पाहुणा होता. उधळलेल्या घोड्यावरचा लाल रंगातला काउबॉय आणि खाली ठसठशीत लाकडी अक्षरांत रोडिओची जाहिरात. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैन्य या गावात होते, ते २०१३ साली गेले. त्यातल्या एका सैनिक मित्राने मायदेशी परतताना आजोबांना ते पोस्टर दिले होते. “हे विकणार नाही,” आजोबा मी न विचारताच म्हणाले.

त्या पोस्टरने मला वाचायला लावले. जे हाती लागले ते आपल्या वाचकांसाठी इथे मांडतो.

गुराखी नायक कसा झाला?

काउबॉय म्हणजे शेवटी गुराखीच. अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर, साधारण १८६६ पासून, टेक्सासमधली गुरे शेकडो मैल हाकत कॅन्ससच्या रेल्वे स्थानकांपर्यंत न्यायची, हे त्याचे काम. पगार तुटपुंजा, धूळ भरपूर. या कामात मेक्सिकन आणि कृष्णवर्णीय माणसे मोठ्या संख्येने होती. ‘रोडिओ’, ‘लॅसो’ हे शब्दही स्पॅनिशमधून आलेले. समाजात या मंडळींना फार मान होता असेही नाही. १८८१ साली राष्ट्राध्यक्ष आर्थर यांनी काँग्रेसला पाठवलेल्या वार्षिक संदेशात ‘काउबॉय’ हा शब्द ॲरिझोनातल्या सशस्त्र गुंडांसाठी आला आहे!

काटेरी तारेचे पेटंट १८७४ साली निघाले, कुरणांना कुंपणे पडली, रेल्वे जवळ आली आणि १८८६-८७ च्या भीषण हिवाळ्यात असंख्य गुरे मेली. लांबच्या वाटेने गुरे हाकण्याचा तो जमाना जेमतेम वीस वर्षांत आटोपला. मग उरले काय? उरले भिंतीवरचे कागद.

१८८३ साली विल्यम कोडी ऊर्फ बफेलो बिल याने आपला ‘वाइल्ड वेस्ट’ हा खेळ सुरू केला. १८९० आणि १८९१ साली त्याने म्युनिक, ड्रेस्डेन, लाइपझिग, बर्लिन असे दौरे केले. आपल्या बाडेनमधल्या कार्ल्सरूहलाही तो आला होता. खेळ येण्याआधी पोस्टरे येत आणि गावाच्या भिंती भरून जात. जर्मन माणसाच्या मनात काउबॉय तेव्हापासून बसला. कार्ल माय यांच्या कादंबऱ्यांनी त्यात भर घातली आणि १९१३ साली म्युनिकमध्ये चक्क काउबॉय क्लब निघाला.

शिळा आणि खिळे

या पोस्टरांत दोन जाती आहेत. बफेलो बिलची रंगीत, चित्रांची पोस्टरे बहुतेक शिळाछपाईची, म्हणजे दगडावरून घेतलेली. अक्षरांची पोस्टरे मात्र खिळ्यांची. पुष्कळदा रंगीत पोस्टरावर कोरी जागा ठेवत आणि गावाचे नाव व तारीख तिथे नंतर खिळ्यांनी छापत.

मोठ्या अक्षरांसाठी शिशाचे खिळे परवडत नाहीत. ते जड होतात आणि महागही पडतात. म्हणून लाकडाचे. १८२७ साली न्यूयॉर्कच्या डॅरियस वेल्सने यंत्राने लाकडी खिळे कापण्याची युक्ती काढली आणि भिंतभर अक्षरे स्वस्त झाली. अमेरिकेत त्यासाठी मेपलचे घट्ट लाकूड वापरत. नॅशव्हिलमध्ये १८७९ साली सुरू झालेला ‘हॅच शो प्रिंट’ हा छापखाना आजही अशाच खिळ्यांनी पोस्टरे छापतो आणि लोक ती हौसेने जमवतात.

जुने, हाताने छापलेले पोस्टर ओळखायचे कसे, हे आजोबांनी मला शिकवले. कागद उलटा करून बोट फिरवायचे, अक्षराचा दाब हाताला लागतो. भिंग लावायचे, ऑफसेटचे बारीक ठिपके दिसत नाहीत, पण अक्षराच्या कडेला शाईची किंचित गडद रेघ दिसते. आणि एखाद्या अक्षराचा टवका उडालेला असतो. तोच टवका त्याच छापखान्याच्या दुसऱ्या पोस्टरातही सापडतो! अशी पोस्टरे महाग का, याचे कारण सोपे आहे. ती जपण्यासाठी छापलेलीच नव्हती. खळ लावून चिकटवायची, खेळ संपला की पावसात गळून जायची.

घोड्यांचे गाव

आता आमच्या यंत्राची गोष्ट. कोलोनच्या कार्ल गिल्के या मुद्रकाने एक फिरता हात शोधून काढला. तो कागद आपण होऊन उचलतो, छापायला देतो आणि बाहेर ठेवतो. हायडेलबर्गच्या कारखान्याने त्यावरून केलेले यंत्र १९१४ साली लाइपझिगच्या प्रदर्शनात मांडले. इथे त्याला ‘टीगल’ म्हणतात आणि इंग्रजीत त्या हातांमुळे ‘पवनचक्की’. १९८५ पर्यंत अशी दीड लाखाहून अधिक यंत्रे जगभर गेली. त्यावर साधारण दहा बाय पंधरा इंचांचा कागद मावतो, म्हणजे पत्रिका, हस्तपत्रक किंवा छोटे पोस्टर. आपल्याकडे अनेक छापखान्यांत नंबर टाकायला आणि कार्डांना घडी पाडायला ते अजूनही राबते.

हायडेलबर्ग स्टेशनाबाहेर तेरा मीटर उंचीचा एक पोलादी घोडा आपण सगळ्यांनी पाहिला आहे. युर्गन गोर्ट्झ यांचे हे शिल्प २००० साली छपाईच्याच सन्मानार्थ उभे राहिले. त्याच्याखालून जाताना मला आता आपल्या सांगलीकडचे एक घोडेवाले आठवतात, विष्णुपंत छत्रे.

अंकलखोपचे विष्णुपंत. कुरुंदवाड संस्थानात घोडे शिकवण्यात त्यांचा हातखंडा होता. मुंबईत आलेली कियारिनी या इटालियन माणसाची सर्कस पाहून त्यांनी स्वतःची सर्कस काढायचे ठरवले. १८८० साली तिचा पहिला खेळ झाला, म्हणजे बफेलो बिलच्या तीन वर्षे आधी! गाण्याचेही ते जाणकार होते. ग्वाल्हेर घराण्याच्या रहिमत खाँसाहेबांना त्यांनी सर्कशीबरोबर देशभर नेले. पुढे कार्लेकर, म्हैसाळचे देवल अशा मराठी सर्कशींची रांगच लागली.

घोडा तोच, तंबू तोच, काळही तोच. पण बफेलो बिल इथल्या दिवाणखान्यात आहे. छत्र्यांच्या सर्कशीची जाहिरात आपल्यापैकी कुणाच्या भिंतीवर आहे? मी तरी अजून पाहिलेली नाही.

बंबातला इतिहास

दोष दुसऱ्या कुणाला देण्याआधी माझी गोष्ट सांगतो. काकांनी छापखाना बंद करायचे ठरवले तेव्हा मी इथेच होतो. त्यांनी फोनवर विचारले, “खिळे आणि नमुन्यांच्या फायली आहेत रे. तुला काही ठेवायचंय का?” प्रत्येक कामाचा एक कागद काका फायलीला लावून ठेवत. तीसेक वर्षांच्या पत्रिका, तमाशाची आणि सर्कशीची हस्तपत्रके. मी म्हणालो, “काय करायचंय काका ते? देऊन टाका.” खिळे शिशाच्या भावाने वजनावर गेले. फायली पावसाळाभर बंब पेटवायला पुरल्या, असे काकूने नंतर सहज सांगितले.

तळघरात त्या काउबॉयपुढे उभा होतो तेव्हा मला ते वाक्य आठवत होते. आजोबांच्या मित्राने एक कागद फेकला नाही, एवढाच काय तो फरक. कोण शूर होते आणि कोण पहिला होता, यावरच वारसा ठरत नाही. कुणाचा कागद उरला, यावरही तो ठरतो. बिल पिकेट हा कृष्णवर्णीय काउबॉय अनेकांना माहीत झाला, त्यात १९२० च्या दशकातल्या त्याच्या मूकपटाच्या जपलेल्या पोस्टराचाही वाटा आहे.

तेव्हा मंडळी, एक विनंती. पुढच्या वेळी भारतात जाल तेव्हा माळ्यावरची ट्रंक उघडा. आजीची लग्नपत्रिका, नाटकाचे हस्तपत्रक, गावच्या यात्रेची जाहिरात, काहीही सापडेल. पाठीमागे पेन्सिलीने साल आणि गाव लिहा आणि कोरड्या जागी सपाट ठेवा. इथल्या आपल्या गणेशोत्सवांच्या जुन्या, झेरॉक्स काढलेल्या पत्रिका कुणाच्या खणात असतील तर त्याही. सध्या माझ्या भिंतीवर एकच कागद आहे, माझ्या मुंजीची पत्रिका. काकांनी छापलेली. उलटी करून बोट फिरवले की दाब अजून लागतो.