मुंग्यांची साक्ष

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

उमरखेड तालुक्यातील ढाणकीला मी काही वर्षे दवाखाना चालवला. दिवाळी उलटून कापसाची वेचणी जोरात आली, की मनगट धरून येणाऱ्या बाया वाढत. "रातच्याला हाताले मुंग्या येतेत जी. उठून हात झटकावा लागते." सोबतची सासू हळूच म्हणे, "कामाचा कंटाळा हाय, दुसरं काई नाई." सूज नाही, जखम नाही. बिचारी दाखवणार काय?

माझ्याजवळ यंत्र नव्हते, दोन युक्त्या होत्या. मनगटाच्या आतल्या बाजूला, तळहात सुरू होतो तिथे, बोटाने हलकेच ठोकायचे. दुसरी म्हणजे उलटा नमस्कार: हातांच्या पाठी एकमेकींना टेकवून, बोटे जमिनीकडे करून मिनिटभर बसायचे. मग विचारायचे, मुंग्या कोणत्या बोटांत? अंगठा, तर्जनी, मधले बोट, फार तर अनामिका. करंगळी सुटलेली. मनगटात हाडे आणि एक चिवट पट्टा यांच्यामधल्या बोगद्यातून नऊ स्नायुबंध आणि एक मज्जातंतू जातो. तो दाबला गेला की नेमकी ही बोटे बधिरतात, कारण करंगळीचा तंतू वेगळ्या वाटेने जातो. सोंग करणारीला करंगळी वगळायचे कसे सुचेल? सासूबाईंना मी एवढेच विचारत असे.

या ठोकण्याचा जन्म मात्र युद्धातला. 1915 साली फ्रान्सचे डॉक्टर ज्यूल्स टिनेल यांनी जखमी सैनिकांचे तुटलेले मज्जातंतू ठोकून पाहिले. मुंग्या आल्या, तर तंतू पुन्हा वाढतो आहे, असा आशेचा अर्थ ते काढत. त्याच वर्षी शत्रुपक्षातील जर्मन डॉक्टर पॉल हॉफमान यांनीही स्वतंत्रपणे तेच मांडले. गंमत म्हणजे टिनेल यांनी वापरलेला फ्रेंच शब्दही 'मुंगी'वरूनच आलेला आहे! मनगटाच्या दुखण्याला ही खूण पुढे जोडली गेली.

दुखणे त्याहून जुने. 1854 मध्ये इंग्लंडच्या जेम्स पॅजेट यांनी मनगटाच्या हाडाला इजा झाल्यावर हा तंतू दाबला गेल्याचे लिहिले. 1880 मध्ये बोस्टनच्या जेम्स पुटनम यांनी रात्री हात बधिरणारे रुग्ण नोंदवले, त्यांत बायकाच अधिक. तरीही पुढे कित्येक वर्षे डॉक्टर दोष मानेत आणि खांद्यात शोधत राहिले. 1947 मध्ये लंडनच्या रसेल ब्रेन आणि सहकाऱ्यांनी सहा रुग्णांचा मनगटातला पट्टा कापून तंतू मोकळा केल्याचे प्रसिद्ध केले. मनगट वाकवण्याची चाचणी अमेरिकेतील क्लीव्हलंडच्या जॉर्ज फेलन यांची. 1966 मध्ये त्यांनी सतरा वर्षांतल्या 654 हातांचा हिशेब मांडला.

या चाचण्या चुकतातही. खरे दुखणे असून मुंग्या येत नाहीत, कधी धडधाकट हातालाही येतात. अंगठ्याखालचा मांसल उंचवटा खोल गेलेला दिसला, तर मी थेट नांदेडला पाठवी. यवतमाळपेक्षा ते आम्हाला जवळ. इतरांना मनगट सरळ राहील अशी पट्टी, रात्री बांधायला. साखर आणि थायरॉइडही तपासून घ्यावे लागे.

1984 मध्ये प्राइस-फिलिप्स या डॉक्टरांनी एक साधी खूण मांडली. मुंग्यांनी जाग आल्यावर काय करता, असे रुग्णाला विचारायचे. उत्तरादाखल त्याने हात झटकून दाखवला, की निदान बरेचसे झालेच. हे माझ्या वाचनात आले, तेव्हा मी जरा ओशाळलो. ढाणकीच्या बाया हे दुसऱ्याच वाक्यात सांगून मोकळ्या झालेल्या असत, आणि मी मात्र त्यांचे मनगट ठोकत बसलेला असे.