रॉक संगीताच्या ध्वनिमुद्रिका आणि स्टुडिओतील तंत्र (१९६३ ते १९९३) : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

इतिहासलेखनात साधनांची चिकित्सा ही पहिली पायरी मानली जाते. ताम्रपट, बखर अथवा दप्तरातील कागद हाती आला की तो कोणी, केव्हा व कोणत्या हेतूने सिद्ध केला, हे अभ्यासक प्रथम तपासतो. विसाव्या शतकाने या साधनांत ध्वनिमुद्रिकेची भर घातली. मात्र ध्वनिमुद्रिका म्हणजे कलावंतांनी जे सादर केले त्याची यांत्रिक नोंद, अशी समजूत रूढ असल्याने तिची चिकित्सा तितक्या काटेकोरपणे होत नाही. तीन-साडेतीन मिनिटांच्या ७८ आर. पी. एम. तबकड्यांच्या काळात ही समजूत बऱ्याच अंशी खरी होती. गायकाने जे गायले तेच मेणावर उमटत असे. चूक झाली तर पुन्हा पहिल्यापासून गाण्याखेरीज इलाज नसे.

इ. स. १९६० नंतरच्या व्यावसायिक रॉक संगीताला मात्र ही समजूत लागू पडत नाही. लक्षावधी प्रती खपलेल्या अनेक रॉक ध्वनिमुद्रिकांत ऐकू येणारे वादन त्या स्वरूपात कोठेही, कधीही झालेले नव्हते. ते तुकड्यातुकड्यांनी मुद्रित करून नियंत्रण कक्षात जुळविण्यात आले होते. मुद्रणयंत्रावरील ट्रॅकची संख्या जसजशी वाढत गेली तसतसा निर्णयाचा क्षण वादनाकडून मिश्रणाकडे सरकला आणि त्याबरोबर कलाकृतीचा कर्ता कोण, हा प्रश्नही उभा राहिला. तंत्राच्या या वाटचालीचा आणि तिच्यामागे रेंगाळत आलेल्या श्रेयाच्या प्रश्नाचा विचार निवडक ध्वनिमुद्रिकांच्या आधारे प्रस्तुत लेखात केला आहे.

तांत्रिक पार्श्वभूमी

चुंबकीय फितीवर ध्वनी मुद्रित करणारे 'मॅग्नेटोफोन' हे यंत्र जर्मनीत इ. स. १९३५ मध्ये प्रदर्शित झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैन्यातील अभियंता जॅक मुलिन याने अशी यंत्रे मायदेशी नेली व १९४७ पासून गायक बिंग क्रॉस्बी याच्या नभोवाणी कार्यक्रमासाठी फितीचा वापर सुरू झाला. तबकडीच्या तुलनेत फितीचे दोन गुण निर्णायक ठरले. ती ब्लेडने कापून हवी तशी जोडता येत असे. तसेच तिच्या रुंदीवर शेजारी शेजारी अनेक स्वतंत्र पट्टे, म्हणजेच ट्रॅक, मुद्रित करता येत असत. गिटारवादक लेस पॉल याने १९५७ मध्ये 'अँपेक्स' कंपनीकडून आठ ट्रॅकचे यंत्र मिळविले. एकाच व्यक्तीने एकामागून एक अनेक वाद्ये वाजवून संपूर्ण वाद्यवृंद उभा करावा, ही कल्पना त्याच्या कामातून दृढ झाली.

येथे 'मिक्सिंग' अर्थात ध्वनिमिश्रण या संज्ञेचा खुलासा आवश्यक आहे. निरनिराळ्या ट्रॅकवरील ध्वनींची पातळी ठरविणे, त्यांना डाव्या-उजव्या बाजूस स्थान देणे, त्यांतील खर्ज वा तीव्र कंपनांचे प्रमाण कमी-अधिक करणे, 'कॉम्प्रेसर'च्या साहाय्याने मोठ्या व लहान आवाजातील अंतर कमी करणे आणि 'रिव्हर्ब'द्वारे ध्वनीस एखाद्या दालनाचा भास देणे, या सर्व क्रियांचा त्यात समावेश होतो. अंतिम ध्वनिमुद्रिका याच टप्प्यावर आकारास येते.

एक दिवस आणि पाच महिने

बदलाचा वेग जाणून घेण्यासाठी 'द बीटल्स' या ब्रिटिश गटाच्या दोन ध्वनिमुद्रिकांची तुलना उपयुक्त ठरते. 'प्लीज प्लीज मी' (१९६३) मधील चौदापैकी दहा गीते लंडनमधील ई. एम. आय. कंपनीच्या ॲबे रोड येथील स्टुडिओत ११ फेब्रुवारी १९६३ या एकाच दिवशी मुद्रित झाली. यंत्र दोन ट्रॅकचे होते. एकावर वाद्ये आणि दुसऱ्यावर कंठस्वर. किरकोळ भर वगळता चौघांनी एकत्र जे वाजविले तेच श्रोत्यांपर्यंत पोहोचले. दिवसाच्या अखेरीस सर्दीने बसलेल्या जॉन लेननच्या आवाजाचा खरखरीतपणाही त्या मुद्रणात टिकून आहे. या अर्थाने ही ध्वनिमुद्रिका घडलेल्या वादनाची नोंद आहे.

'सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड' (१९६७) या ध्वनिमुद्रिकेचे काम मात्र नोव्हेंबर १९६६ ते एप्रिल १९६७ असे सुमारे पाच महिने चालले. यंत्र केवळ चार ट्रॅकचे असल्याने 'रिडक्शन' ही पद्धत अवलंबण्यात आली. चारही ट्रॅक भरले की त्यांचे मिश्रण दुसऱ्या यंत्राच्या एक-दोन ट्रॅकवर उतरवायचे आणि मोकळ्या ट्रॅकवर नवीन वाद्ये भरायची. प्रत्येक उतरवणीत फितीची खरखर वाढे. शिवाय एकदा मिसळलेली वाद्ये पुन्हा वेगळी करता येत नसत. त्यामुळे निर्माता जॉर्ज मार्टिन व ध्वनिअभियंता जेफ एमेरिक यांना प्रत्येक टप्प्यावर अंतिम स्वरूपाचा निर्णय घ्यावा लागे. साधनांची टंचाई येथे अडथळा तर होतीच, पण शिस्तही होती.

'अ डे इन द लाइफ' या गीतासाठी १० फेब्रुवारी १९६७ रोजी चाळीस वादकांचा वृंद पाचारण करण्यात आला. प्रत्येकाने आपल्या वाद्याच्या खालच्या स्वरापासून वरच्या स्वरापर्यंत ठरावीक मात्रांत स्वतःच्या गतीने चढत जावे, अशी सूचना होती. वृंदाचे वादन चार वेळा मुद्रित करून एकावर एक रचण्यात आले. त्यासाठी दोन चार-ट्रॅक यंत्रे एकाच वेळी चालविणे भाग होते. केन टाउनसेंड या तंत्रज्ञाने एका यंत्रावर मुद्रित केलेल्या ५० हर्ट्झच्या स्वराने दुसऱ्याची गती नियंत्रित करून ही अडचण सोडविली. ऐकू येणारा महावृंद त्या दिवशी दालनात बसलेलाच नव्हता. तो फितीवर जन्मला.

एमेरिक याचे योगदान याआधीच दिसू लागले होते. एप्रिल १९६६ मध्ये 'टुमॉरो नेव्हर नोज' या गीताच्या वेळी त्याचे वय अवघे वीस वर्षांचे होते. ई. एम. आय.च्या शिरस्त्यानुसार मायक्रोफोन ड्रमपासून दूर ठेवले जात. एमेरिकने मोठ्या ड्रममध्ये लोकरी स्वेटर कोंबून मायक्रोफोन अगदी जवळ आणला आणि तो ध्वनी लिमिटरमधून दाबून घेतला. रॉक संगीतातील ठसठशीत ड्रमध्वनीची परंपरा येथून बळावली. 'सार्जंट पेपर्स'च्या ध्वनिमुद्रणासाठी त्याला ग्रॅमी पुरस्कार मिळाला, तरी मूळ वेष्टनावर त्याचे नाव नव्हते.

श्रेयाचा असाच प्रश्न भारतीय वादकांच्या बाबतीत आढळतो. याच ध्वनिमुद्रिकेतील 'विदिन यू विदाउट यू' या गीतात लंडनस्थित भारतीय वादकांचा सहभाग होता. त्यांची नावे वेष्टनावर छापली गेली नाहीत. जानेवारी १९६८ मध्ये जॉर्ज हॅरिसन मुंबईत आला आणि एच. एम. व्ही.च्या स्टुडिओत त्याने भारतीय वादकांसह मुद्रण केले. 'द इनर लाइट' या गीताचा वाद्यभाग तेथेच, केवळ दोन ट्रॅकच्या यंत्रावर, सर्वांनी एकत्र वाजवून सिद्ध झाला. कंठस्वर पुढे लंडनमध्ये जोडण्यात आला. मुंबईतील सामूहिक वादन आणि लंडनमधील जोडकाम या दोन पद्धती एकाच गीतात अशा एकत्र आल्या.

सोळा ट्रॅक आणि एका गायिकेचा दावा

'पिंक फ्लॉइड' या गटाची 'द डार्क साइड ऑफ द मून' (१९७३) ही ध्वनिमुद्रिका त्याच ॲबे रोड स्टुडिओत १९७२-७३ मध्ये तयार झाली. यंत्र आता सोळा ट्रॅकचे होते. ॲलन पार्सन्स हा ध्वनिअभियंता होता आणि अंतिम मिश्रणावर देखरेखीसाठी ख्रिस टॉमस याला बोलाविण्यात आले. 'मनी' या गीताचा आरंभ नाण्यांचा खणखणाट, गल्ल्याचे यंत्र आणि कागद फाटण्याचा आवाज यांनी होतो. हे आवाज स्वतंत्रपणे मुद्रित करून फितीचे तुकडे पट्टीने मोजून कापण्यात आले आणि टोके जोडून त्यांचे वलय केले गेले. ते यंत्रावर फिरू लागले की सात मात्रांचा ताल आपोआप सिद्ध होई. लय येथे वादकाच्या हातात नसून फितीच्या लांबीत आहे. ही ध्वनिमुद्रिका १९७३ ते १९८८ या काळात अमेरिकेच्या 'बिलबोर्ड' यादीत एकूण ७४१ आठवडे राहिली.

याच ध्वनिमुद्रिकेतील 'द ग्रेट गिग इन द स्काय' हा भाग श्रेयाच्या प्रश्नाचे सर्वांत ठळक उदाहरण होय. जानेवारी १९७३ मध्ये एका रविवारी क्लेअर टॉरी या गायिकेस पाचारण करण्यात आले. शब्द नव्हते, स्वरलेखनही नव्हते. रिचर्ड राइट याच्या पियानोवर तिने उत्स्फूर्तपणे स्वरविस्तार केला. तिच्या आवर्तनांतून निवड करून अंतिम भाग जुळविण्यात आला. मोबदला म्हणून तिला ३० पौंड मिळाले आणि रचनाकार म्हणून एकट्या राइटचे नाव छापले गेले. इ. स. २००४ मध्ये टॉरीने रचनेतील वाट्यासाठी न्यायालयात दाद मागितली. २००५ मध्ये तडजोड झाली आणि तेव्हापासून रचनाकार म्हणून राइटसोबत तिचेही नाव दिले जाते. रचना कागदावर होते हे गृहीत धरून आखलेली श्रेयव्यवस्था आणि रचना फितीवर होते ही स्टुडिओतील वस्तुस्थिती यांतील अंतर भरून निघण्यास बत्तीस वर्षे लागली.

झिजणारी फीत, दुरावलेले वादक

'फ्लीटवूड मॅक' या गटाच्या 'रूमर्स' (१९७७) या ध्वनिमुद्रिकेचे काम १९७६ च्या आरंभी कॅलिफोर्नियातील सॉसालिटो येथे सुरू झाले. गटातील दोन जोडप्यांचे संबंध त्याच काळात तुटत होते. प्रत्येकाचा भाग वेगळा मुद्रित करता येत असल्याने परस्परांशी बोलणे टाळणाऱ्या व्यक्तींचे स्वर फितीवर मात्र सुरेल मेळात एकत्र येऊ शकले. 'द चेन' हे गीत तर निरनिराळे तुकडे ब्लेडने कापून व जोडून तयार झाले. गटातील पाचही जणांच्या नावे असलेले ते या ध्वनिमुद्रिकेतील एकमेव गीत आहे.

अनंत दुरुस्त्यांची किंमत मात्र फितीला मोजावी लागली. महिनोन्‌महिने यंत्रावर फिरून ती झिजली आणि ड्रमची तीव्र कंपने मंदावली. सुदैवाने मूळ वादनाची दुसरी फीत जपून ठेवलेली होती. दोन्ही यंत्रांची गती कानाने ऐकून हाताने जुळवीत तंत्रज्ञाने ताजे ड्रम व नवीन भर एकत्र आणले. वादकांचे कौशल्य सर्वश्रुत होते. पण ही ध्वनिमुद्रिका वाचली ती एका तंत्रज्ञाच्या कानामुळे.

यंत्राचा ताबा आणि माणसाची जागा

ब्रिटनमधील 'डेफ लेपर्ड' या गटाच्या 'हिस्टेरिया' (१९८७) मध्ये ही प्रक्रिया पराकोटीस पोहोचली. निर्माता रॉबर्ट जॉन 'मट' लँग याच्या मार्गदर्शनाखाली गिटारचे काही स्वरमेळ एकेक तार स्वतंत्र छेडून मुद्रित करण्यात आले. कंठस्वरांचे अनेक थर रचले गेले. ड्रमचे ध्वनी 'फेअरलाइट' या संगणकाधिष्ठित यंत्रातून घेण्यात आले. काम तीन वर्षे लांबल्याने खर्च प्रचंड वाढला, तरी एकट्या अमेरिकेत तिच्या १ कोटी २० लाख प्रतींची विक्री प्रमाणित झाली.

या तंत्राची दुसरी बाजूही लक्षात घेतली पाहिजे. ३१ डिसेंबर १९८४ रोजी ड्रमवादक रिक ॲलन याचा मोटार अपघात होऊन त्याने डावा हात गमावला. गटाने त्याची जागा दुसऱ्याला दिली नाही. पायाने चालणाऱ्या पेडलची जोड असलेल्या इलेक्ट्रॉनिक ड्रमसंचावर तो पुन्हा वादन शिकला आणि रंगमंचावर परतला. स्टुडिओत वादकाच्या हातांची गरज कमी करणारे तंत्र आणि वादकाला त्याची जागा परत देणारे तंत्र एकाच कुळातील होते. यांत्रिकीकरणाने संगीतातील माणूस हद्दपार केला, असा सरसकट निष्कर्ष म्हणूनच ग्राह्य मानता येत नाही.

परतीची वाट

'निर्वाणा' या गटाची 'नेव्हरमाइंड' (१९९१) ही ध्वनिमुद्रिका अतिघडणीविरुद्धची प्रतिक्रिया मानली जाते. लॉस एंजेलिस येथील 'साउंड सिटी' स्टुडिओत ती तुलनेने अल्प काळात मुद्रित झाली, हे खरे. तथापि एकच ओळ दोनदा गाऊन थर रचण्यास कर्ट कोबेन राजी नव्हता, तेव्हा लेननही असेच करीत असे, हे सांगून निर्माता बुच विग याने त्याचे मन वळविले. पुढे अँडी वॉलेस याने केलेल्या मिश्रणाने ध्वनीस व्यावसायिक झळाळी आली. तिच्या अफाट खपानंतर कोबेनने या झळाळीबद्दल नापसंती व्यक्त केली.

'इन युटेरो' (१९९३) साठी गटाने स्टीव्ह अल्बिनी याची निवड केली. दालनात वाजते तसे मुद्रित करावे, हा त्याचा आग्रह होता. स्वतःला निर्माता म्हणवून घेणे त्याला मान्य नव्हते आणि प्रत्येक प्रतीमागे मिळणारे मानधन नाकारून त्याने ठरावीक रक्कमच स्वीकारली. मात्र प्रकाशनापूर्वी त्यातील दोन गीतांचे मिश्रण स्कॉट लिट याच्याकडून नव्याने करून घेण्यात आले. कच्च्या, नैसर्गिक ध्वनीचा आग्रह धरला तरी अखेरचा शब्द मिश्रणाचाच राहिला.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की १९६३ ते १९९३ या तीन दशकांत रॉक ध्वनिमुद्रिका ही वादनाची नोंद न राहता स्वतंत्र निर्मिती बनली. तिला वादनाचा पुरावा मानणारा अभ्यासक फसण्याची शक्यता आहे. मात्र स्टुडिओतील निर्णयांचा पुरावा म्हणून ती अत्यंत समृद्ध साधन ठरते. ट्रॅक अल्प असताना निर्णय लवकर व कायमचे घ्यावे लागत. ते वाढले तसे निर्णय लांबणीवर पडले आणि सत्ता नियंत्रण कक्षाकडे गेली. श्रेयाची व्यवस्था मात्र जुन्याच चौकटीत राहिली. एमेरिकचे नाव नसलेले वेष्टन, अनाम भारतीय वादक आणि ३० पौंडांवर परत गेलेली गायिका ही त्याचीच उदाहरणे होत. ध्वनिमुद्रिकेचा इतिहास लिहिताना वेष्टनावरील नावे वाचणे पुरेसे नाही. जे हात यंत्रावर होते आणि जे कंठ अनाम राहिले, त्यांचा शोध घेणे हेही इतिहासकाराचे कर्तव्य ठरते.