शंभर वॅटचा बल्ब आणि डेव्हीचा दिवा

होडीला थंडी बाधते हे मला वयाच्या पंचेचाळिशीत कळले. त्यात माझा फारसा दोष नाही. माझे बालपण हर्णै बंदरावर गेले. तिथे होड्यांना सुटी मिळते ती पावसाळ्यात. जून आला की मचवे वाळूवर ओढून घ्यायचे, त्यांच्यावर झापांचे छप्पर घालायचे आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिला की पुन्हा पाण्यात लोटायचे. डिसेंबर-जानेवारी हे तर मासेमारीचे दिवस. थंडीत इंजिन फुटते असे कोणी तिथल्या तांडेलाला सांगितले असते, तर त्याने सांगणाऱ्यालाच घरी नेऊन झोपवले असते.

मेरीलँडला येऊन बरीच वर्षे झाल्यावर मनातला दर्या पुन्हा वर आला आणि मी एक जुनी सव्वीस फुटी मोटरबोट घेतली. बायको म्हणाली, ‘‘अहो, गाडी धुवायला वेळ नाही तुम्हाला, बोट कधी धुणार?’’ प्रश्न रास्त होता. बोटीच्या पोटात पेट्रोलवर चालणारे आठ सिलिंडरचे इंजिन होते आणि ती अ‍ॅनापोलिसजवळच्या एका खाडीत, धक्क्याला बांधलेली असे. ही गोष्ट २००४ सालची. नोव्हेंबर संपत आला तरी इंजिनची हिवाळ्याची व्यवस्था झालेली नव्हती. रेडिओवर कडाक्याच्या थंडीचा इशारा आला, तेव्हा मी गॅरेजमधला तारेच्या जाळीतला शंभर वॅटचा बल्ब घेतला, एक्स्टेन्शन कॉर्ड ओढली आणि इंजिनच्या कप्प्यात दिवा टांगून दिला. अंड्यांना ऊब देतात तशी इंजिनला ऊब!

शेजारच्या बोटीवर एक म्हातारे निवृत्त गृहस्थ असत. ते आले, वाकून पाहिले आणि विचारले, ‘‘तुझे पेट्रोल कुठून गळते?’’ मी म्हणालो, ‘‘कुठूनच गळत नाही.’’ ‘‘मग तशी ही जगातली पहिलीच बोट,’’ असे म्हणून ते धक्क्यावरच्या वीजखांबापाशी गेले आणि त्यांनी तिथला प्लग उपसला. बल्बाला मात्र हात लावला नाही, मलाही लावू दिला नाही. कप्प्याचे झाकण उघडे टाकून आम्ही दोघे बराच वेळ धक्क्यावर उभे राहिलो. मग त्यांनी जे सांगितले आणि पुढे त्या हिवाळ्यात मी जे वाचून काढले, ते या लेखात सांगतो आहे. आपल्या मंडळातही आता बोटी घेणारे बरेच झाले आहेत.

आधी थंडीबद्दल. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते. माझ्यासारख्या बोटीचे इंजिन बाहेरचे पाणी आत ओढून थंड होते आणि इंजिन बंद केल्यावर त्यातले काही पाणी बिडाच्या ब्लॉकमध्ये तसेच राहते. ते गोठले की बीड तडकते. ब्लॉकच्या बाजूला पत्र्याच्या गोल चकत्या बसवलेल्या असतात. त्यांना लोक ‘फ्रीझ प्लग’ म्हणतात आणि त्या उडून जाऊन इंजिन वाचवतील अशी आशा करतात. खरे तर ओतकामातली वाळू बाहेर काढायला जी भोके ठेवलेली असतात, ती बुजवण्यापुरत्याच त्या चकत्या. कधी उडतात, कधी त्यांच्या आधी ब्लॉक फुटतो.

यावर जुना उपाय म्हणजे सगळे पाणी काढून टाकणे. दुसरा उपाय न गोठणारा द्रव भरणे. मोटारींत पूर्वी अल्कोहोल घालत, पण ते उडून जाई. १९२७ साली ‘प्रेस्टोन’ नावाने एथिलीन ग्लायकॉल बाजारात आले आणि तो प्रश्न मिटला. ते विषारी असल्यामुळे आज बोटींत गुलाबी रंगाचे प्रॉपिलीन ग्लायकॉल भरतात. तिसरा उपाय, उष्णता देणे. तो सगळ्यांत सोपा वाटतो आणि माणसे मारण्याची ताकदही त्याच्यातच आहे.

कारण बोटीचे पोट हे एक भांडे आहे. मोटारीखाली पेट्रोल गळले तर वाफ रस्त्यावर पडते आणि वाऱ्याबरोबर निघून जाते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड. बोटीत ती सरळ तळाशी, म्हणजे जिथे पाणी साचते त्या ‘बिल्ज’मध्ये उतरते आणि तिथेच बसून राहते. हवेत तिचे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास पोचले की ठिणगी पुरे. ठिणगीही किती? एक मिलिज्यूलच्या पाव भागाइतकी ऊर्जा चालते. स्वेटर काढताना अंगावर चटचट होते त्यात याहून जास्त असू शकते. आणि ‘एवढ्या थंडीत कुठली वाफ?’ असे म्हणू नका. पेट्रोल उणे चाळीस अंश सेल्सियसलाही पेट घेण्याइतकी वाफ सोडते.

लोकांना ही भीती फार पूर्वीपासून होती. जर्मनीत गॉटलीब डाइमलरने १८८६ साली नेकर नदीत आपले पेट्रोल इंजिन बोटीवर बसवले, तेव्हा बघ्यांनी घाबरू नये म्हणून त्याने बोटीला तारा आणि चिनीमातीचे खटके लावून ती विजेवर चालते असा देखावा केला, अशी गोष्ट सांगतात. अमेरिकेत त्याच सुमारास नॅफ्थ्याच्या लाँचेस आल्या. वाफेच्या बोटीला परवानाधारक इंजिनियर लागे. नॅफ्था उकळून त्याच्याच वाफेवर यंत्र चालवले तर तो लागत नसे. म्हणजे पाण्याच्या वाफेला कायदा होता आणि पेट्रोलच्या या भावंडाला नव्हता! श्रीमंत मंडळी रविवारी त्या लाँचेस घेऊन खुशाल हिंडत.

पण माझ्या कप्प्यातल्या बल्बाची खरी कथा बोटीत सुरू होत नाही, ती कोळशाच्या खाणीत सुरू होते. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलजवळ फेलिंग नावाची खाण होती. २५ मे १८१२ रोजी तिथे मिथेनचा भडका उडून ९२ माणसे आणि मुले गेली. खाणीत उजेड हवा तर दिवा हवा, दिव्याला ज्योत हवी आणि ज्योतीला मिथेन हवाच असतो. या पेचातून वाट काढण्यासाठी सर हंफ्री डेव्ही यांना गळ घालण्यात आली. त्यांनी १८१५च्या शेवटच्या काही महिन्यांत शोधून काढले ते असे, की ज्योत अरुंद धातूच्या नळीतून किंवा बारीक जाळीतून पलीकडे जात नाही. धातू तिची उष्णता शोषून घेतो आणि ती जाळीतच विझते. ज्योतीभोवती बारीक तारेची जाळी बसवली, एका चौरस इंचात ७८४ भोके, आणि दिवा तयार झाला. मिथेन आत शिरतो, आत जळतो, बाहेर मात्र काही पेटत नाही. त्याच सुमारास जॉर्ज स्टीफन्सननेही स्वतंत्रपणे असा दिवा केला आणि श्रेय कोणाचे यावर दोघांच्या बाजूने पुष्कळ शाई खर्च झाली. डेव्हींनी पेटंट घेतले नाही, हे त्यांचे मोठेपण मला जास्त महत्त्वाचे वाटते.

पुढे काय झाले तेही सांगायला हवे. दिवा आल्यावर खाणमालकांनी पूर्वी धोक्याची म्हणून बंद ठेवलेली तोंडे उघडली. जाळी फाटली, लालभडक तापली किंवा जोराचा झोत आला तर ज्योत बाहेर येई. दिवा सुरक्षित आहे म्हणून माणसे असुरक्षित जागी गेली आणि अपघात काही थांबले नाहीत.

आता पुन्हा बोटीत या. १९१०च्या अमेरिकन मोटरबोट कायद्याने दिवे, भोंगे आणि तरंगण्याचे पट्टे यांच्याबरोबर पेटलेले पेट्रोल विझवण्याचे साधन सक्तीचे केले. म्हणजे आग लागणारच हे गृहीत धरून! आग लागूच नये असा विचार दिसतो तो २५ एप्रिल १९४०च्या कायद्यात. त्या दिवसानंतर बांधलेल्या पेट्रोल बोटींच्या तळाला हवा खेळती ठेवण्याची सोय हवी आणि इंजिनच्या कार्बोरेटरवर ज्योत अडवणारे झाकण हवे. हे झाकण मी साफ करायला काढले तेव्हा पाहिले. धातूच्या पातळ पट्ट्या, त्यांच्यामध्ये अरुंद फटी. इंजिनने उलटा भडका मारला तर ज्योत त्या फटींत विझते. डेव्हीचा दिवाच तो, फक्त आतबाहेरची भूमिका तीच ठेवून खाणीतून बोटीत आलेला.

१९७१च्या संघीय नौका सुरक्षा कायद्याने कोस्ट गार्डला बोट बांधणाऱ्यांसाठी नियम करण्याचा अधिकार दिला आणि त्या दशकात विजेच्या उपकरणांची पाळी आली. पेट्रोल बोटीच्या इंजिनपाशी जे विजेचे उपकरण असेल त्याने भोवतालची वाफ पेटवता कामा नये. इथे एका गैरसमजाकडे लक्ष द्या. ‘इग्निशन प्रोटेक्टेड’ म्हणजे हवाबंद नव्हे. वाफ आत शिरली आणि आत भडकली तरी चालेल, बाहेर मात्र ज्योत येता कामा नये. तपासणी करताना उपकरणाभोवती हवेत सव्वाचार ते सव्वापाच टक्के प्रोपेन मिसळून ते चालवतात. बाहेरचे मिश्रण पेटले की उपकरण नापास. साधा घरगुती पंख्याचा हीटर इथे पहिल्याच फेरीत जाईल. लालभडक तार आणि थर्मोस्टॅटचे उघडझाप होणारे पॉइंट, दोन-दोन आगपेट्या एकाच डब्यात. माझा बल्ब तरी काय वेगळा? धक्क्यावर लाट आली, बोट हलली, काच फुटली की आतली पांढरीशुभ्र तापलेली तार उघडी.

तर मग हीटर निवडायचा कसा? बोट डिझेलची असेल तर कायदा एवढा कडक नाही, कारण डिझेलला पेट घेण्याजोगी वाफ सोडायला पन्नासहून अधिक अंश तापमान लागते. तरीही कप्प्यात बॅटऱ्या असतात आणि चार्ज होताना त्या हायड्रोजन सोडतात, म्हणून मी तरी तिथेही तोच हीटर घेईन. पेट्रोल बोटीला मात्र दुसरा पर्यायच नाही. हीटर मुद्दाम इंजिनच्या कप्प्यासाठी बनवलेला हवा. त्यावर ‘इग्निशन प्रोटेक्टेड’ असे आणि कोणत्या मानकाने तपासला ते, बहुधा यूएल १५००, छापलेले हवे. दुकानदाराच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. ‘मरीन’ हा शब्द हल्ली कॉफीच्या कपावरही छापतात. केरोसीन किंवा गॅसचा हीटर तर नावही काढू नका. त्यात ज्योत आहेच, शिवाय कार्बन मोनॉक्साइड.

चांगल्या हीटरमध्ये आज बहुधा सिरॅमिकचा घटक असतो. बेरियम टायटनेटच्या या सिरॅमिकचा गुण १९५०च्या दशकात लक्षात आला. विशिष्ट तापमानाच्या वर गेले की त्याचा विद्युतरोध एकदम वाढतो आणि तो स्वतःच स्वतःची वीज कमी करून घेतो. पंखा अडकला, वर चिंधी पडली तरी तार लाल होण्याचा प्रश्न नाही, कारण तारच नाही. वॅटचे म्हणाल तर लहान कप्प्याला तीनशे-चारशे पुरतात. इंजिनला न्हाऊमाखू घालायचे नाही, गोठू द्यायचे नाही इतकेच. थंडी वाढली की आपोआप लागणारा आणि ऊब आली की बंद होणारा असावा.

एक गोष्ट मात्र हीटरच्या खोक्यावर ठळक लिहिलेली नसते. हीटर सुरक्षित असला तरी त्याचा प्लग सुरक्षित नसतो. कप्प्याच्या आत एक्स्टेन्शन कॉर्डचा जोड ठेवला आणि तो हिसका बसून सुटला, तर ठिणगी तिथेच. म्हणूनच त्या दिवशी शेजाऱ्यांनी बल्बाला हात लावला नव्हता. जोड बाहेर, वर, कोरड्या जागी असावा. बर्कली विद्यापीठातल्या चार्ल्स डॅल्झिएल यांनी १९६१ साली शोधलेले गळती ओळखून वीज तोडणारे उपकरण, म्हणजे आपल्या न्हाणीघरातले जीएफसीआय, त्या जोडाला असलेच पाहिजे. बोटीतून पाण्यात झिरपलेल्या विजेने पोहणारी माणसे गेली आहेत.

आणि वीजच गेली तर? कडाक्याची थंडी आणि वादळ बहुधा हातात हात घालून येतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमध्ये लाखो घरांची वीज दिवसेंदिवस गेली होती. जिथे दर हिवाळ्यात खाडी गोठते तिथले लोक ऑक्टोबरातच पाणी काढून मोकळे होतात. फसतो तो आपल्यासारख्या मधल्या हवेतला माणूस, ज्याला वाटते यंदा पडणार नाही. हीटर म्हणजे नोव्हेंबर आणि मार्चमधल्या एखाद्या बोचऱ्या रात्रीची सोय. पाणी काढण्याची आणि गुलाबी द्रव भरण्याची जागा त्याने घ्यायची नाही.

त्या रात्री बल्ब काढल्यावर शेजारी आणि मी टॉर्चच्या उजेडात इंजिनचे पाणी काढायला बसलो. धक्क्यावरून वीज घ्यायची नव्हती, हात बधिर झाले होते आणि एक नळ गंजून बसला होता. टाकीखालच्या एका रबरी नळीला त्यांनी बोट लावून वास घेतला आणि ते माझ्या नाकाशी धरले. पेट्रोल होते. थेंबसुद्धा नाही, नुसता ओलावा.

नळी दुसऱ्या दिवशी बदलली. हीटर जानेवारीत घेतला, किंमत ऐकून बायको म्हणाली, ‘‘एवढ्यात दोन शालू आले असते.’’ शंभर वॅटचा तो बल्ब बरीच वर्षे आमच्या गॅरेजमध्ये लटकत होता. आता तसले बल्ब दुकानात मिळत नाहीत.