प्रकाशगतिक उपचारपद्धती

प्रकाशगतिक उपचारपद्धती : कर्करोगाच्या पेशींत प्रकाशसंवेदी औषध साठू द्यायचे, त्यावर ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश टाकायचा आणि त्या पेशी जागच्या जागी मारायच्या, अशी ही पद्धती. डॉक्टर तिला ‘पीडीटी’ म्हणतात. रुग्ण ज्याला शेक म्हणतात त्या किरणोपचाराहून ती वेगळी आहे. इथे क्ष-किरण नसतात. बहुधा लेझरचा तांबडा प्रकाश असतो. औषध, प्रकाश आणि पेशीतला ऑक्सिजन ही तिन्ही एकत्र आली तरच काम होते. औषधाचा रेणू प्रकाश शोषतो आणि ती ऊर्जा ऑक्सिजनला देतो. त्यातून निर्माण होणारा अतिक्रियाशील ऑक्सिजन क्षणभरही टिकत नाही, म्हणून घाव तिथल्या तिथेच बसतो. गाठीला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्याही बंद पडतात.

म्युनिकमध्ये ऑस्कर राब यांनी १९०० मध्ये ॲक्रिडीन रंगद्रव्य आणि उजेड यांच्या एकत्रित परिणामाने पॅरामिशियम मरतात हे दाखवले. त्यांचे गुरू फोन टापायनर यांनी १९०३ मध्ये इओसिन लावून त्वचेच्या गाठींवर प्रकाश टाकला. पुढे कित्येक दशके हा विषय मागे पडला. अमेरिकेतील बफेलो येथे थॉमस डॉहर्टी यांनी १९७८ मध्ये रुग्णांवरील निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा त्याला खरी चालना मिळाली. फोटोफ्रिन या औषधाला १९९३ मध्ये कॅनडात मूत्राशयाच्या आणि १९९५ मध्ये अमेरिकेत अन्ननलिकेच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली. डोके व मानेच्या कर्करोगासाठी युरोपने २००१ मध्ये टेमोपोर्फिन स्वीकारले. जपानने २०२० मध्ये प्रकाशसंवेदी रंगद्रव्य जोडलेल्या प्रतिपिंडाला सशर्त परवानगी दिली.

आपल्याकडची बावचीही प्रकाशाशी जोडलेली आहे. कोडावर तिचे बी वापरून ऊन घेण्याचा उपाय जुना आहे. बावचीत सोरालेन असते. ते अतिनील किरणांत डीएनएला चिकटते. याच वर्गातले औषध वापरून त्वचेच्या टी-पेशी लिम्फोमावर उपचार होतात. पण बावचीचे तेल चोळून उन्हात बसणे हा कर्करोगावरचा उपाय नव्हे. त्याने फोड येतात.

छत्रपती संभाजीनगरच्या संदर्भात या पद्धतीचा विचार मुखाच्या कर्करोगापासून करावा लागतो. इथल्या शासकीय कर्करोग रुग्णालयात मराठवाडाभरातून रुग्ण येतात. तंबाखूचा बार गालात धरून ठेवण्याची सवय खेड्यापाड्यांत आहे आणि २०१२ च्या बंदीनंतरही गुटखा सुटलेला नाही. तांबडा प्रकाश ऊतीत काही मिलिमीटर, फार तर सेंटीमीटरभर उतरतो. म्हणून गालाच्या आतला किंवा जिभेच्या कडेचा पातळ, उथळ चट्टा या उपचारासाठी सोयीचा. तिथे चेहरा विद्रूप न होता, बोलणे-गिळणे फारसे न बिघडता तो काढता येतो. गाठ जबड्याच्या हाडात शिरली किंवा मानेत गाठी आल्या, की प्रकाश अपुरा पडतो आणि शस्त्रक्रिया, किरणोपचार, केमो हाच मार्ग उरतो. सुपारीने तोंड आखडलेले असेल तर प्रकाश नीट पोहोचवणेही कठीण होते. लेझरआधी इथे हवी ती गावोगावची तोंडतपासणी: दुखत नसलेला पांढरा वा लाल चट्टा वेळेत दाखवला गेला, तरच या पद्धतीला वाव आहे.

दुसरी अडचण उन्हाची. फोटोफ्रिन शिरेतून दिल्यावर साधारण ४० ते ५० तासांनी प्रकाश टाकतात, पण औषध त्वचेत किमान ३० दिवस राहते. टेमोपोर्फिनसाठी प्रकाश चौथ्या दिवशी देतात आणि खबरदारी सुमारे दोन आठवड्यांची. या काळात थेट उन्हाने त्वचा भाजते. मराठवाड्यात शेतावर जाणाऱ्या माणसाला महिनाभर घरात ठेवणे म्हणजे पेरणी किंवा वेचणीची मजुरी बुडवणे. हे आधी विचारात घेतले नाही तर उपचार अर्धवट राहतात. सनस्क्रीनचा उपयोग नाही, कारण त्रास दृश्य प्रकाशाचा असतो. काळोखात कोंडून घेणेही चूक. घरातल्या मंद उजेडात त्वचेतले औषध हळूहळू निष्प्रभ होते. रुग्णालयातही शस्त्रक्रियेचे प्रखर दिवे आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटर जपून वापरावा लागतो. मुदत संपल्यावर त्वचेचा लहानसा भाग दहा मिनिटे उन्हात धरतात. २४ तासांत लाली, सूज वा फोड दिसला नाही, तर हळूहळू बाहेर पडायला हरकत नसते. दिसला, तर खबरदारी आणखी दोन आठवडे वाढवतात. ही चाचणी चेहऱ्यावर करत नाहीत, कारण डोळ्यांभोवतीची त्वचा अधिक संवेदनशील असू शकते.