लिंकन-हत्येचा अखेरचा साक्षीदार

अब्राहम लिंकन यांच्या हत्येचा अखेरचा ज्ञात साक्षीदार सॅम्युएल सेमूर त्या रात्री अवघ्या पाच वर्षांचा होता. त्याचा जन्म २८ मार्च १८६० चा. वडील मेरीलँडमधील टॅल्बट परगण्यात गोल्ड्सबरो कुटुंबाच्या जमीनजुमल्यावर देखरेख करीत. १४ एप्रिल १८६५ रोजी, गुड फ्रायडेला, मालकीणबाईंनी सॅम्युएलला आणि त्याला सांभाळणाऱ्या सारा कुकला वॉशिंग्टनच्या फोर्ड नाट्यगृहात नेले. यादवी युद्धात दक्षिणेचे सेनापती ली यांनी पत्करलेल्या शरणागतीला पाचच दिवस झाले होते.

'आवर अमेरिकन कझिन' हे प्रहसन रंगात आले होते. प्रेक्षकांत हशा पिकेल तो क्षण साधून जॉन विल्क्स बूथने लिंकन यांच्यावर गोळी झाडली. तो स्वतः नट, त्यामुळे नाटकातली ती जागा त्याला नेमकी माहीत होती. मग त्याने अध्यक्षांच्या सज्जातून रंगमंचावर उडी टाकली आणि मागच्या दाराने तो घोड्यावरून पळाला. समोरच्या बाजूला बसलेल्या सॅम्युएलला खरी काळजी वाटली ती खाली पडलेल्या माणसाची. त्याला उठवायला चला, असा त्याने धोशा लावला. मारेकरी कोण आणि बळी कोण, हे त्याच्या गावीही नव्हते. मोठेपणी कळलेल्या इतिहासाने ही गफलत पुसली नाही, आणि म्हणूनच त्याच्या साक्षीतला हा भाग सर्वांत विश्वसनीय वाटतो.

बाकीच्या तपशिलांबद्दल तसे म्हणवत नाही. सेमूरची आठवण १९५४ मध्ये 'अमेरिकन वीकली'त प्रसिद्ध झाली. ती दुसऱ्याने शब्दांकित केलेली, आणि घटनेला तोवर जवळजवळ ८९ वर्षे लोटली होती. गुलामांच्या कायदेशीर स्थितीसंबंधीच्या कामासाठी मंडळी राजधानीत आली होती, असे तीत म्हटले आहे. परंतु मेरीलँडने १ नोव्हेंबर १८६४ पासूनच गुलामगिरी रद्द केली होती. काम दुसरेच काही असेल, किंवा वर्षांची सरमिसळ झाली असेल. हत्येच्याच दिवशी साराच्या हातून टाचणी टोचली तेव्हा आपल्याला गोळी लागल्याचा आरडाओरडा सॅम्युएलने केला होता, हा प्रसंग तर इतका बेतशीर आहे की वारंवार सांगून तो घोटला गेला असावा, अशी शंका येते.

 

सेमूरने पुढे सुतारकाम आणि बांधकामाची कंत्राटे यांवर चरितार्थ चालवला. फेब्रुवारी १९५६ मध्ये 'आय हॅव गॉट अ सीक्रेट' या दूरचित्रवाणी कार्यक्रमात तो पाहुणा होता. हॉटेलात पडल्यामुळे त्याचा डोळा सुजलेला होता. हत्या पाहिल्याचे त्याचे गुपित ओळखू पाहणाऱ्यांना प्रश्न विचारत विचारत उत्तरापर्यंत पोहोचता आले. प्रायोजक सिगारेट कंपनी होती, पण सेमूर पाइप ओढणारा. म्हणून बक्षिसाच्या रकमेबरोबर त्याला पाइपच्या तंबाखूचा डबा देण्यात आला. १२ एप्रिल १९५६ रोजी, वयाच्या ९६ व्या वर्षी त्याचे निधन झाले. त्या कार्यक्रमाचे चित्रमुद्रण आजही पाहता येते.