चूल, फळा आणि बीजगणित

पुण्यातल्या एकाच कॉलेजात एकामागून एक गणित शिकवणारे दोन गृहस्थ होते. पहिले बाळ गंगाधर टिळक. ते 1890 मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले आणि पुढच्याच वर्षी फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायला धोंडो केशव कर्वे आले. स्वभावाने दोघे दोन टोकांचे. पण मुलींच्या शाळेत घरसंसाराचा विषय असावा, हे दोघांनाही वाटत होते. फरक एवढाच, की एकाला घरासाठी शाळा आखूड करायची होती, आणि दुसऱ्याला घराचेच शास्त्र करून ते शाळेत आणायचे होते. वाचकहो, हा फरक दिसतो तेवढा लहान नाही. मी स्वतः हा विषय मुलींच्या हायस्कुलात तीस वर्षे शिकवला, आणि या दोन वाटांपैकी आपण कोणत्या वाटेवर आहो, हा प्रश्न मला वर्गात शिरताना रोज पडे.

पहिली गोष्ट हुजूरपागेची. 1884 मध्ये न्यायमूर्ती रानडे, वामनराव मोडक, डॉ. भांडारकर प्रभृतींनी मुलींसाठी हायस्कूल काढले. शाळा अकरा ते पाच भरू लागली, इंग्रजी शिकवले जाऊ लागले, आणि पुण्यात गहजब उडाला. 1887 मध्ये ‘मराठा’ पत्रातून टिळकांनी या अभ्यासक्रमावर टीका केली. मुलगी दिवसभर शाळेत बसली तर घरचे काम शिकणार केव्हा? शिकवावे ते मराठीतून, थोडे, शिवणटिपणासह, आणि तेही तीन तासांत, असा त्यांचा सूर होता. आज हे वाचून कोणी नाक मुरडील; पण घरोघरच्या आईबापांच्या मनात तेच होते, हेही विसरून चालणार नाही. रानडे पक्षाने शाळा मागे घेतली नाही. वाद मात्र मागे उरला.

आता यात एक गंमत पाहा. घरकामाविषयी बायकांना छापील पुस्तकातून सांगावे, हे या वादाच्या आधीच एका बाईने करून ठेवले होते. पंडिता रमाबाईंचे ‘स्त्रीधर्मनीति’ 1882 मध्ये निघाले, आणि त्यात गृहकृत्यांवर एक प्रकरण आहे. पुढे त्याच रमाबाई 1886 च्या मार्च महिन्यात आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला फिलाडेल्फियात हजर राहिल्या, नंतर अमेरिकाभर हिंडल्या आणि तिथल्या शाळा बारकाईने पाहून आल्या.

त्याच अमेरिकेत त्या वेळी एलेन रिचर्ड्स नावाची रसायनशास्त्रज्ञ बाई बोस्टनमध्ये पाण्याची आणि अन्नाची पृथक्करणे करीत होती. मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेत प्रवेश मिळालेली ही पहिली स्त्री. 1873 ची पदवीधर. 1899 मध्ये तिच्या पुढाकाराने लेक प्लॅसिड येथे काही मंडळी जमली. स्वयंपाक, स्वच्छता, खर्च, मुलांचे संगोपन हे सारे एका शास्त्रात बांधायचे, तर त्या शास्त्राला म्हणावे काय? बराच खल होऊन ‘होम इकॉनॉमिक्स’ हे नाव ठरले. पुढे 1994 मध्ये तिथल्या संघटनेने ते टाकून ‘कुटुंब व ग्राहक विज्ञान’ असे नाव घेतले. नाव बदलण्याची हौस या विषयाच्या जन्मापासूनची आहे. कारण ‘घर’ म्हटले की लोक तो हलका समजतात.

हे वारे पुण्यात आले ते जपानमार्गे. नारुसे जिन्झो हे गृहस्थ अमेरिकेत शिकून गेले आणि 1901 मध्ये त्यांनी टोकियोत स्त्रियांचे विद्यापीठ काढले. त्याच्या सुरुवातीच्या विभागांत गृहशास्त्राचा विभाग होता. या विद्यापीठाची माहितीपुस्तिका पोस्टाने कर्व्यांच्या हाती पडली. डिसेंबर 1915 मध्ये मुंबईच्या सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते. त्या भाषणात त्यांनी भारतीय स्त्रियांच्या विद्यापीठाची कल्पना मांडली. त्यांचे वय तेव्हा सत्तावन्न! या वयात माणसे पेन्शनीचा हिशेब करतात. अण्णांनी 1916 मध्ये विद्यापीठ उघडले. शिक्षण मातृभाषेतून, इंग्रजी सक्तीचे, गृहजीवनशास्त्र आवश्यक; आणि गणित? ते ऐच्छिक. गणिताच्या प्राध्यापकानेच ते ऐच्छिक केले.

पदवीला ‘गृहीतागमा’ असे भारदस्त नाव दिले. त्यात ‘गृह’ ऐकू येते म्हणून ‘घरची पदवी’ असा विनोद कोणी केला तर नवल नाही. पण शब्दात गृह नाही, ‘गृहीत’ आहे. जिने विद्या ग्रहण केली ती. 1920 मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचे नाव मिळाले. सरकारी मान्यता यायला मात्र 1951 साल उजाडावे लागले.

अण्णांचा विचार मला पटतो आणि पटतही नाही. ज्या विधवेला अक्षर शिकायला पंचविसावे वर्ष उजाडले, तिला भूमितीची सिद्धांते घालून नापास करण्यापेक्षा आरोग्य आणि बालसंगोपन शिकवावे, यात शहाणपण होते. पण सवलत ही अशी चीज आहे की ती एकदा दिली म्हणजे मर्यादा होऊन बसते. अकरावीच्या मॅट्रिकच्या काळात कितीतरी हुशार मुली बीजगणित-भूमिती सोडून सोपे विषय घेत, आणि मग सायन्सची दारे त्यांना बंद होत. “मुलीच्या जातीला काय करायचे आहे?” हे वाक्य मी पालकांच्याच नव्हे, शिक्षकांच्याही तोंडून ऐकले आहे.

आणि तरीही माझा विषय सोपा होता, हे मी कदापि मान्य करणार नाही. कुन्नूरच्या प्रयोगशाळेचे डॉ. ॲक्रॉइड यांनी 1937 मध्ये भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांचे कोष्टक प्रसिद्ध केले. आमचा विषय खऱ्या अर्थाने उभा राहिला तो अशा कोष्टकांवर. शंभर ग्रॅम नाचणीत 344 मिलिग्रॅम कॅल्शियम, आणि सडलेल्या पांढऱ्याशुभ्र तांदळात अवघे 10! आवळ्यात ‘क’ जीवनसत्त्व 600 मिलिग्रॅम. हे आकडे फळ्यावर लिहिले की मुली चमकत. कारण घरी नाचणी गरिबाची, आणि पांढरा भात पाहुण्यांचा. मोड आलेल्या मटकीत ‘क’ जीवनसत्त्व तयार होते. वरणभातात डाळीची उणीव तांदूळ भरून काढतो आणि तांदळाची डाळ. भाताची पेज ओतून दिली की ‘ब’ जीवनसत्त्व मोरीत जाते. आजीला हे ठाऊक होते म्हणावे, तर तिला ‘काय करावे’ ते ठाऊक होते, ‘का’ ते नव्हते. आणि तो ‘का’ सांगायला रसायनशास्त्र लागते, त्रैराशिक लागते. चौघींच्या गटाला ठरावीक पैसे देऊन सहा माणसांचा सकस डबा बसवायला सांगितला, म्हणजे गणित सोडून आलेल्या मुली तासभर गणितच करीत.

सर्वांत गर्दी होई ती तुपाच्या प्रयोगाला, आणि तो मी मुद्दाम दिवाळीच्या सुट्टीआधी ठेवी. वनस्पती तुपात निदान पाच टक्के तिळाचे तेल घालण्याचे बंधन सरकारने कारखानदारांवर घातले होते, ते चवीसाठी नव्हे. चोर ओळखता यावा म्हणून. वितळलेल्या तुपात तितकेच तीव्र हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि चिमूटभर साखर घालून परीक्षानळी मिनिटभर हलवायची. खालच्या ॲसिडच्या थराला गुलाबी-लाल रंग चढला की समजावे, साजूक तुपात डालडा आहे. मुली घरून वाटीवाटी तूप आणीत. (ॲसिड मीच ओतत असे, हा उद्योग वाचकांनी घरी करू नये.) नळी लाल झाली की जिचे तूप तिचा चेहराही लाल होई, आणि संध्याकाळी एखाद्या दुकानदाराच्या ओट्यावर तिची आई उभी राही. एका दुकानदाराची तक्रार शाळेपर्यंत आली होती.

अशा मुलींना पुढे काय करायचे, हे कोणी शिकवावे लागले नाही. 1966 मध्ये मुंबईत नऊ गृहिणींनी ग्राहक मार्गदर्शन संस्था काढली. 1972 मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या पुढाऱ्यांमागे हजारो बायका महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. त्या सगळ्या माझ्या विषयाच्या विद्यार्थिनी होत्या असे म्हणण्याचा खोटेपणा मी करणार नाही. पण तेलाच्या डब्याचा भाव हा सार्वजनिक प्रश्न आहे, हे ओळखणारे डोके त्यांचे होते.

जुन्या वादाचा निकाल एका गुजराती विदुषीने लावला. हंसाबेन मेहता बडोदा विद्यापीठाच्या कुलगुरू असताना तिथे 1950 मध्ये गृहविज्ञानाची विद्याशाखा निघाली. म्हणजे त्या काही या विषयाच्या वैरी नव्हत्या. 1962 मध्ये त्यांच्याच अध्यक्षतेखाली मुलामुलींच्या अभ्यासक्रमातील भेदाचा विचार करायला समिती नेमली गेली, आणि तिने सांगितले की वरच्या वर्गांत गृहविज्ञान मुलींवर लादू नये. त्याआधी शिकवायचे तर मुलांनाही शिकवावे. आणि मुलींना गणित-विज्ञानाकडे वळवावे. कोठारी आयोगाने 1966 मध्ये हीच दिशा मान्य केली. महाराष्ट्रात 1975 मध्ये दहावीची नवी शालान्त परीक्षा आली, आणि गणित व विज्ञान सर्वांना आवश्यक झाले. मुलींची पळवाट बंद झाली, तशी आमच्या विषयाची गर्दीही ओसरली. मला त्याचे दुःख झाले नाही. ज्या उरल्या त्या आवडीने आल्या होत्या.

शिफारशीचा दुसरा अर्धा भाग मात्र कागदावरच राहिला: मुलांनाही शिकवण्याचा. 2005 च्या राष्ट्रीय आराखड्यानंतर अकरावीचे जे नवे पाठ्यपुस्तक निघाले, त्याचे नाव ‘मानव पारिस्थितिकी व कुटुंबविज्ञान’ अशा अर्थाचे ठेवले. हेतू हा, की मुलगेही यावेत. परवा माझ्या नातवाला मी नाचणीचे आणि तांदळाचे ते दोन आकडे सांगितले. त्याने आधी कॅल्शियमचे गुणोत्तर काढले, मग आईला विचारले, “आपल्याकडे नाचणी का नसते?” या दिवाळीत आमच्या फराळात नाचणीचे लाडू आहेत, आणि ते वळायला तो बसला आहे. त्याचे लाडू अजून फुटतात. तूप कमी पडते, असे त्याचे म्हणणे आहे.