परक्यांच्या अडचणीतून घडलेली नोंद

इंग्रजीत रोजच्या क्रियापदांभोवती वाक्प्रचारांचे रान माजले आहे. त्याची शिस्तशीर नोंद झाली ती मुख्यतः परभाषकांच्या अडचणीमुळे, असे माझे मत आहे. घरच्या माणसाला 'गिव्ह अप'मध्ये अवघड काय आहे तेच दिसत नाही. 'मार खाणे', 'शपथ खाणे', 'भाव खाणे' म्हणताना आपण तरी कुठे अडखळतो? सॅम्युएल जॉन्सनचा कोश १७५५ साली निघाला. क्रियापदापुढे एखादे इवलेसे अव्यय आले की अर्थ पालटतो आणि परदेशी माणूस सर्वांत जास्त अडतो तो इथेच, हे त्याने प्रस्तावनेत स्पष्ट सांगितले आणि अशा जोड्या कष्टाने वेचल्या. एकट्या 'टेक'चे त्याने १३४ अर्थ दिले. गंमत अशी की हे क्रियापद मूळचे इंग्रजी नव्हेच. व्हायकिंगांच्या नॉर्स भाषेतून ते आले आणि 'निमन' हे जुने क्रियापद त्याने हुसकावून लावले. जुन्या इंग्रजीत अर्थ बदलणारा अंश बहुधा क्रियापदाच्या आधी चिकटलेला असे. पुढच्या शतकांत तो सुटा होऊन क्रियापदानंतर येऊ लागला आणि या जोड्या फोफावल्या.

यावर कोणी म्हणेल की अशा जोड्यांसाठी 'फ्रेजल व्हर्ब' ही संज्ञा रूढ केली लोगन पिअर्सल स्मिथने, १९२५ च्या पुस्तकात. ती सुचवली ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी. दोघांचीही भाषा इंग्रजीच. खरे आहे, पण नाव देणे वेगळे आणि शिकणाऱ्याच्या हाती वापर सोपवणे वेगळे. दुसरा आक्षेप सी. के. ऑग्डेनच्या १९३० च्या 'बेसिक इंग्लिश'चा. तिच्यात ८५० शब्द आणि क्रियापदे अवघी अठरा. म्हणजे साधी क्रियापदेच शिकणाऱ्याला सोपी, असा हिशेब. पण तो इंग्रजाच्या कानाने केलेला आहे. शब्दांची यादी आखडली, तरी तिचा भार जोड्यांवर पडला, आणि 'पुट' व 'अप' वेगवेगळे ठाऊक असून 'पुट अप विथ' म्हणजे सोसणे हे कोणालाही उमगत नाही. हा भार ज्यांनी मोजला ते जपानमध्ये शिकवत होते. हॅरल्ड पामरने १९३३ मध्ये टोकियोत शब्दसंगतींचा अहवाल काढला. ए. एस. हॉर्नबी आणि सहकाऱ्यांचा वाक्प्रचार व वाक्यरचना यांवर भर देणारा कोश १९४२ मध्ये तिथेच छापला गेला. ऑक्सफर्डने तो १९४८ मध्ये पुन्हा काढला, आणि त्याच्याच पुढच्या आवृत्त्या आज आपल्याकडचे विद्यार्थी चाळतात.